एका दिवसात ल्यों, सासूबाईंना घेऊन

प्रश्न: मुलगा ग्रनोबलला शिकतो, मे महिन्यात त्याला भेटायला जातोय, त्यात एक दिवस ल्यों बघायचंय. सासूबाई ७१ वर्षांच्या, शाकाहारी. सपाटीवर छान चालतात पण जिने नकोत. त्यांचं माहेर येवल्याचं, घरात पैठणीचे माग होते. काय काय होईल?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, येवल्याचं लिहिलंत ते फार बरं केलंत, आता मी तुमचा दिवस उलटाच लावून देते. बहुतेक लोक जुन्या गावापासून सुरुवात करतात आणि विणकरांची टेकडी राहूनच जाते, तुम्ही तीच सकाळी करा. ओतेल द व्हील स्टेशनवरून मेट्रो सी घ्या, ती दातेरी रुळावरून चढते, क्र्वा-रूसला उतरलात की तुम्ही टेकडीवरच. जवळच मेझों दे कान्यू, म्हणजे विणकरांचं घर, आहे, तिथे हातमागावर विणून दाखवतात, वेळा मात्र आधी बघून ठेवा. आपण मागावरच्या ज्या यंत्राला जकार्ड म्हणतो ना, ते ज्याच्या नावाचं तो जाकार इथलाच, १८०४ च्या सुमारास त्याने भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांनी ताण्याचे धागे उचलायची युक्ती बसवली. मी बघत होते तेव्हा पुठ्ठ्यांची माळ एकेक पुढे सरकायची, खटक् आवाज व्हायचा आणि नेमके हवे तेवढेच धागे वर यायचे, मी तिथून हलेचना. सासूबाईंना अगदी पुढे उभं करा. माग एवढे उंच की या भागातल्या घरांची छतं चार मीटरच्या आसपास उंचीवर बांधली, बाहेर आलात की खिडक्या बघा. याच विणकरांनी १८३१ मध्ये विणाईच्या दरासाठी उठाव केला आणि काही दिवस शहर ताब्यात ठेवलं होतं.

मग मेट्रोनेच व्हिए ल्योंला, म्हणजे जुन्या गावात, या, आणि जेवण दोनच्या आत उरका, नंतर बऱ्याच ठिकाणी किचन बंद होतं. बुशों म्हणजे इथल्या खानावळी, तिथे मांसाहारच जास्त, पण सर्व्हेल द कान्यू मागा, नावाचा अर्थ विणकराचा मेंदू असला तरी ते लसूण आणि हिरवा पाला घातलेलं ताजं चीज असतं, घाबरू नका. वर गुलाबी प्रालिनचा, म्हणजे साखरेत घोळवलेल्या बदामांचा, टार्ट.

जेवून ट्राबूल बघा, म्हणजे इमारतींच्या पोटातून जाणारे बोळ. ५४, र्‍यू सां-जां हे दार ढकला, साधंच दार आहे, आत अंधारा बोळ, मग चौक, परत बोळ, असं करत थेट २७, र्‍यू द्यु बफला बाहेर पडाल. आत लोक राहतात त्यामुळे हळू बोला.

शेवटी फ्युनिक्युलरने, म्हणजे दोराने ओढल्या जाणाऱ्या छोट्या रेल्वेने, फुर्विएर टेकडीवर जा, तिथल्या बासिलिकाजवळून, म्हणजे मोठ्या चर्चजवळून, दोन्ही नद्या आणि सगळं शहर दिसतं. तिथून थोडं खाली रोमन थिएटर आहे, इसवी सनापूर्वी ४३ मध्ये वसवलेल्या लुग्दुनुमचं, म्हणजे रोमन काळातल्या ल्योंचं, पण पायऱ्या उंच आहेत, सासूबाईंनी वरूनच बघावं. आणि परत उतरताना चालू नका हं, गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं भारी पडतं, थिएटरजवळच्या मिनिम स्टेशनवरून फ्युनिक्युलर घ्या, मेट्रोच्या दिवसभराच्या तिकिटात तो येतो. जुन्या गावात फरसबंदी दगडांची आहे, चपला नकोत, बूट घाला. ग्रनोबलची ट्रेन पार-द्यू स्टेशनवरून, साधारण दीड तास लागतो.