बाबा नाटक करत नव्हते

तुमची भाची न्यूरोसायन्समध्ये, म्हणजे मेंदूच्या विज्ञानात, पीएच.डी. करायची म्हणते. तुम्ही विचारता की ही माणसं पेशंट तपासत नाहीत, ऑपरेशन करत नाहीत, वर्षानुवर्षं उंदीर-माकडांच्या मेंदूत तारा घालून बसतात, मग त्यांच्या संशोधनातून खऱ्या पेशंटच्या पदरात काही पडतं का? प्रश्न वाचून राहवलं नाही. ‘माकडांवर केलेलं माणसाला लागू पडत नाही’ हे वाक्य माझ्या सख्ख्या भावाने दोन वर्षं ऐकवलंय मला.

पडतं. भरपूर पडतं.

माझ्या बाबांना पार्किन्सन्स होऊन 14 वर्षं झाली. हाताची थरथर सगळ्यांना दिसते, त्यामुळे तिच्यावरून कोणी काही बोलत नाही. घरात भांडणं होतात ती पाय खिळण्यावरून. बाबा हॉलमधून बरे चालत यायचे आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबायचे. टाचा उचललेल्या, अंग पुढे झुकलेलं, गुडघे लटलटतायत, पण पाऊल काही सुटत नाही. मागून कोणी ‘चला, चला’ म्हटलं की आणखीच घट्ट. आणि हेच बाबा कठडा धरून दोन मजले जिना न अडखळता चढायचे.

दादाला हे पटायचंच नाही. जिना चढता येतो आणि सपाट जमिनीवर दोन पावलं टाकता येत नाहीत, हे कसं? त्याच्या मते बाबांना सगळ्यांनी आपल्याभोवती उभं राहायला हवं होतं. एकदा घरात पाहुणे असताना तो म्हणाला, “बाबा, पुरे झालं आता नाटक.” बाबा चौकट धरून उभे होते. त्यांनी मान वर केली नाही. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला, तर बोटं चौकटीवरून सोडवावी लागली.

त्यानंतर काही महिन्यांनी बाबांच्या न्यूरोलॉजिस्टनी चालण्यावरच्या एका अभ्यासात भाग घ्याल का, असं विचारलं. तिथे जी बाई भेटली ती डॉक्टर नव्हती, न्यूरोसायंटिस्ट होती. औषध लिहून देण्याचा तिला अधिकारही नव्हता. सकाळची गोळी न घेता यायला सांगितलं होतं, त्यामुळे बाबा फारच आखडले होते. तिने त्यांच्या घोट्यांना सेन्सर बांधले आणि कॉरिडॉरमधून दाराकडे चालायला सांगितलं. अपेक्षेप्रमाणे बाबा दाराच्या अलीकडे खिळले. ती ‘चला’ म्हणाली नाही. खाली बसली, पांढऱ्या चिकटपट्टीचं बंडल घेतलं आणि जमिनीवर आडव्या पट्ट्या चिकटवत दाराच्या पलीकडे गेली. एकेक पाऊल अंतरावर एकेक पट्टी. मग म्हणाली, “काका, दारातून जायचंच नाहीये. फक्त पट्टी ओलांडायची. मग पुढची.”

बाबा चालले. पहिली पट्टी, दुसरी, तिसरी, मग दार, मग पलीकडच्या दोन. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला रडू आवरेना.

कारण तिने पाच मिनिटांत सांगितलं. आपण न विचार करता चालतो तेव्हा त्या सवयीच्या हालचालीची सुरुवात मेंदूच्या आत खोलवर असलेल्या बेसल गँग्लिया नावाच्या केंद्रांच्या मदतीने होते. त्यांना डोपामाइन हे मेंदूतलं रसायन लागतं. पार्किन्सन्समध्ये डोपामाइन बनवणाऱ्या पेशी मरत जातात, म्हणून ‘आपोआप’ चालणं अडतं. पण समोर पट्टी दिसली, पायरी दिसली, की मेंदू डोळ्यांच्या आधाराने दुसऱ्या वाटेने हालचाल जुळवू शकतो. ती वाट बऱ्यापैकी शाबूत असते. जिना म्हणजे अशा पट्ट्यांची रांगच. दार मात्र उलट काम करतं; अरुंद जागा समोर आली की खिळणं वाढतं. म्हणजे दादा ज्याला खोटेपणाचा पुरावा समजत होता, तेच या आजाराचं ठळक लक्षण होतं.

गोळीतून जे मिळालं नव्हतं ते बाबांना इथे मिळालं. कोणीतरी त्यांच्यावर विश्वास ठेवला, आणि का ठेवायचा तेही सांगितलं. मेंदूच्या आजारांत माणसाचा स्वभाव, आळस, हट्ट यांच्यावर खापर फोडण्याची घाई सगळ्यांनाच असते. ते खापर काढून घेण्याचं काम माझ्या अनुभवात न्यूरोसायन्सने केलं.

आता उपचारांकडे. बाबा रोज जी लेव्होडोपा घेतात (हिलाच एल-डोपा म्हणतात; मेंदू तिच्यापासून डोपामाइन बनवतो), तिची गोष्ट सशांपासून सुरू होते. 1957 साली स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन या शास्त्रज्ञांनी प्राण्यांना रिसर्पिन दिलं. हे सर्पगंधेतून मिळणारं द्रव्य. ससे कान पाडून निपचित पडले. मग एल-डोपाचं इंजेक्शन दिल्यावर थोड्याच वेळात ते उठून हालचाल करू लागले. डोपामाइन हा मेंदूतला स्वतंत्र निरोप्या आहे असं तेव्हा अनेकांना मान्यच नव्हतं. 1960 मध्ये व्हिएन्नात हॉर्निकिविझ आणि एरिंगर यांनी पार्किन्सन्सने वारलेल्यांचे मेंदू तपासले, तर नेमक्या बेसल गँग्लियात डोपामाइन फारच कमी. पुढच्याच वर्षी तिथे रुग्णांना एल-डोपा दिलं गेलं. 1967 मध्ये डॉ. कोट्झियास यांनी ते तोंडावाटे, हळूहळू मात्रा वाढवत दिलं आणि उपचार टिकाऊ झाला. सशापासून गोळीपर्यंत 10 वर्षं. कार्लसन यांना नोबेल मिळालं ते 2000 साली.

बाबांच्या ऑपरेशनची गोष्ट आणखी वळणाची आहे. डॉक्टरांनी डीप ब्रेन स्टिम्युलेशन (मेंदूत खोलवर तार बसवून विजेचे सौम्य ठोके देत राहणं) सुचवलं तेव्हा बाबा 65 वर्षांचे होते. गोळीचा असर दोन तासांत संपायचा; असर असताना अंग नको तितकं हलायचं आणि संपला की पुतळा. दादा म्हणाला, या वयात डोक्याला भोकं पाडायची, तीही माकडांवरच्या प्रयोगाच्या भरवशावर? मी माघार घेतली. दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत बाबा तीनदा पडले. मी तेव्हा ठाम राहायला हवं होतं, हे मला अजून छळतं.

तर तो ‘माकडांवरचा प्रयोग’ काय होता ते सांगते. मालन डिलाँग या न्यूरोसायंटिस्टनी माकडांच्या बेसल गँग्लियातल्या एकेका पेशीचे विद्युत संकेत वर्षानुवर्षं नोंदवले. हालचाल करताना कोणती पेशी कधी बोलते, एवढंच. त्यात उपचाराचं नावही नव्हतं. 1982 मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण अचानक पार्किन्सन्ससारखे ताठरले. त्यांनी घेतलेल्या बनावट अमली पदार्थात एमपीटीपी नावाचं द्रव्य होतं, जे डोपामाइनच्या पेशीच मारतं. विल्यम लँगस्टन या न्यूरोलॉजिस्टनी ते शोधून काढलं आणि त्यामुळे हा आजार प्रयोगशाळेत अभ्यासता येऊ लागला. 1990 मध्ये डिलाँग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एमपीटीपी दिलेल्या माकडांमध्ये सबथॅलॅमिक न्यूक्लियस हा बेसल गँग्लियातला एक चिमुकला भाग निकामी केला की ताठरपणा आणि थरथर कमी होते. तिकडे फ्रान्समध्ये ग्रनोबल इथे न्यूरोसर्जन बेनाबिद यांना 1987 मध्येच दिसलं होतं की मेंदूत सेकंदाला शंभरएक वेळा विजेचे सौम्य ठोके दिले की थरथर थांबते आणि बंद केले की परत येते. म्हणजे मेंदूचा भाग जाळायची गरज नाही. हे दोन धागे जुळले आणि ठोके द्यायची जागा सबथॅलॅमिक न्यूक्लियस ठरली. वैद्यकीय संशोधनासाठीचा 2014 चा लास्कर पुरस्कार डिलाँग आणि बेनाबिद या दोघांना मिळून दिला गेला. माकडांचं दुःख मला सहज पचत नाही, पण जी नोंदवही ‘निरुपयोगी’ म्हणून कोणीही बंद केली असती, त्याच नोंदवहीतून सर्जनला जागा कळली.

ऑपरेशनच्या वेळी बाबा जागे होते. डोकं चौकटीत पक्कं बसवलेलं. सुई खाली जाताना पेशींचा आवाज स्पीकरवर ऐकू येत होता. बाबा सांगतात, पत्र्यावर पाऊस पडावा तसा, आणि योग्य जागी पोचल्यावर तो एकदम दाट झाला. मी मात्र पाहिला तो काही आठवड्यांनंतरचा दिवस, छातीच्या वर कॉलरबोनखाली बसवलेलं यंत्र सुरू केलं तो. बाबांच्या हातात वर्तमानपत्र होतं. घरात ते कुठे बसलेत हे मला कागदाच्या फडफडीवरूनच कळायचं. डॉक्टर टॅबलेटवर आकडा थोडा थोडा वाढवत होते. फडफड मंदावली आणि मग थांबली. बाबा कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी पान उलटलं.

हा इलाज आजार मिटवत नाही, हे स्पष्ट लिहायला हवं. पेशी मरायच्या थांबत नाहीत. साधारणपणे गोळीने जे सुधारतं तेच या यंत्राने जास्त वेळ सुधारलेलं राहतं, म्हणून आधी गोळीचा प्रतिसाद तपासून मगच ऑपरेशन ठरवतात. तोल, गिळणं, स्मरणशक्ती यांना त्याचा फारसा उपयोग नाही. रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाचा धोका कमी असला तरी आहे. बाबांचा आवाज आज फार खोल गेलाय, जेवताना ठसका लागतो. आणि ‘स्टेम सेलने पार्किन्सन्स बरा’ असं सांगून पैसे घेणाऱ्यांच्या दारात पाऊल ठेवू नका. पेशीरोपणाच्या अधिकृत चाचण्या चालू आहेत, पण त्या चाचण्या आहेत आणि त्यात भाग घ्यायला पेशंटकडून पैसे मागत नाहीत.

भाचीबद्दल. पगार, नोकऱ्या, परदेशी जावं का, यातलं मला काही कळत नाही, ते त्या क्षेत्रातल्या कोणाला तरी विचारा. पण ‘पेशंटला उपयोग काय’ या कारणासाठी तिला अडवत असाल, तर कृपा करून अडवू नका. तिच्या हयातीत तिच्या कामातून गोळी निघेलच असं नाही. कार्लसन सशांपाशी बसले होते तेव्हा माझे बाबा शाळेतही जात नव्हते.

आणि कोणाच्या घरी असं पाय खिळणारं माणूस असेल, तर पट्ट्यांचं सांगते. चालण्याच्या दिशेला आडव्या लावा, एका पावलाइतक्या अंतरावर, फरशीच्या रंगाहून उठून दिसतील अशा. दाराच्या अलीकडून सुरू करून पलीकडेही दोन-तीन हव्यात. सगळ्यांनाच उपयोग होतो असं नाही, फिजिओथेरपिस्टला दाखवून मग लावा. कडा सुटल्या की त्यात पाय अडकतो, लगेच बदला. आमच्याकडे दादाने त्या एकदा पाहुणे येणार म्हणून खरवडून काढल्या होत्या आणि बाबा त्या संध्याकाळी पाऊण तास दारात उभे होते. पाहुणे येणार असले तरी काढू नका.