मॅडम, सुया मारून घेऊ का?

मी समुपदेशक. लग्नसराई जवळ आली की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. कुणी बाळंतपणानंतर पोट सैल पडलेली, कुणी वजन उतरवलेली, कुणी मांडीवर पडलेल्या खळग्यांनी हैराण झालेली. बायका वेगळ्या, विचारणं एकच: "मायक्रोनीडलिंगने खरंच फरक पडतो का हो?" त्वचेच्या डॉक्टरांचा प्रश्न माझ्या दारात का येतो, याचं पूर्वी मला नवल वाटायचं. आता वाटत नाही. डॉक्टरांकडे त्या जाऊन आलेल्याच असतात, पॅकेजचं पत्रक पर्समध्ये असतं. पैसे भरायचे की नाही इथे घोडं अडलेलं असतं आणि रात्रीची झोप उडालेली असते.

अशा बऱ्याच जणींच्या वतीने मेधाची गोष्ट सांगते. नाव तिचं नाही, तपशीलही बदललेत, आणि दोघीतिघींचे प्रसंग हिच्या खात्यावर टाकलेत.

मेधा ३८ वर्षांची, बँकेत नोकरी, दोन मुलं. दीड वर्षात तिने २४ किलो वजन कमी केलं होतं, तेही घरचं जेवण आणि चालणं यांच्या जोरावर. ऑफिसात कौतुक झालं, भिशीत तिचा डाएट प्लॅन फिरला. माझ्यासमोर बसली तेव्हा मात्र आवाज चढलेला होता.

"एवढं करून मला मिळालं काय? वरून सगळे वाहवा करतात. आत दंड लोंबतात, पोटावर घडी पडते, मांड्या तर आधीपेक्षा वाईट दिसतात. जाडी होते तेच बरं होतं!"

क्लिनिकने रेडिओफ्रिक्वेन्सी मायक्रोनीडलिंगच्या सहा सिटिंग सुचवल्या होत्या. ८४ हजार रुपये, हप्त्यांची सोय, आणि आठवड्याच्या आत बुकिंग केलं तर सूट. "तिथली काउन्सेलर म्हणाली, मॅडम, तुम्ही एवढं केलंय, आता शेवटचा टप्पा राहिलाय." पॅकेज विकणाऱ्या मुलीलाही काउन्सेलर म्हणतात हे मला ठाऊक आहे, तरी दर वेळी जरा लागतंच.

आधी प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते, कारण ते दडवून 'तुम्हाला काय वाटतं' असं गोल गोल फिरवणं मला पटत नाही. मी डॉक्टर नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या माणसाच्या निर्णयात जी वस्तुस्थिती अडकलेली असते, तिचा अभ्यास मी करतेच.

सुया त्वचेला बारीक बारीक जखमा करतात. त्या भरून काढताना शरीर नवं कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन, तयार करतं आणि त्वचा थोडी घट्ट, थोडी सारखी होते. हे खरं आहे. मुरुमांच्या व्रणांवर याचा उपयोग चांगला दिसतो. अमेरिकेत २०१८ मध्ये अशा उपकरणाला पहिल्यांदा परवानगी मिळाली तीही चेहऱ्यावरच्या मुरुमांच्या व्रणांसाठीच. स्ट्रेच मार्क्सवर बऱ्यापैकी फरक पडू शकतो. सेल्युलाइटचं, म्हणजे मांडीवरच्या या खळग्यांचं, दुखणं मात्र त्वचेच्या खाली असतं. गादीला टाके घातले की टाक्याशी खड्डा पडतो आणि मधला कापूस फुगतो, तसं मांडीत चरबीमधून जाणारे तंतूंचे पट्टे कातडीला खाली ओढून धरतात आणि मधली चरबी वर येते. साध्या सुया दोनतीन मिलिमीटर जातात; टाका तसाच राहतो. वरची त्वचा थोडी जाड झाली तर खळगा जरा कमी उठून दिसतो, इतकंच. रेडिओफ्रिक्वेन्सीच्या सुया जास्त खोल जाऊन उष्णता सोडतात, त्याने सैलपणा काही अंशी आवळतो. काही अंशी. २४ किलो उतरल्यावर लोंबणारी पोटाची घडी त्याने वर जात नाही. तिथे उपाय शस्त्रक्रियेचा. जो फरक पडायचा तो दिसायलाही तीन ते सहा महिने लागतात. आणि घरी फिरवायच्या सुयांच्या रोलरबद्दल विचारूच नका. तो मांडीवर फिरवून खळगे जात नाहीत, बहिणीबहिणींनी एकच रोलर वापरला तर जंतुसंसर्ग मात्र होऊ शकतो.

हे खळगे वयात आलेल्या बहुतेक बायकांना असतात, बारीक बायकांनाही. तो आजार नाही. ते मुळासकट काढायला मोठमोठे प्रयत्न झालेत. ते पट्टे विरघळवणारं एक इंजेक्शन अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झालं. त्याने काळेनिळे डाग पडायचे, म्हणून कंपनीनेच २०२२ मध्ये ते बंद करायचं ठरवलं.

हे सगळं मेधाला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं, मान डोलावली आणि मोबाइल पुढे केला. "पण मग हे फोटो?"

माहितीने माणूस बदलत नाही, याचा हा रोजचा पुरावा. क्लिनिकने पाठवलेले आधीचे-नंतरचे फोटो होते. मी ते निरखून पाहिले आणि तिला एवढंच विचारलं, "यात दिवा कुठे आहे?"

तिला कळेना. मी एक गृहपाठ दिला. एकाच दिवशी, स्वतःच्याच मांडीचे दोन फोटो काढायचे. एक बाथरूमच्या वरच्या बल्बखाली उभं राहून, दुसरा खिडकीशी, उजेडाकडे तोंड करून. मला दाखवायचे नाहीत, तिने एकटीने बघायचे. हा गृहपाठ माझ्या स्वतःच्या डोक्यातून आलेला, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा अभिमान आहे.

पुढच्या भेटीत ती पर्स ठेवायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, माझी ट्रीटमेंट झाली. दहा मिनिटांत. फुकट!"

आम्ही दोघी पोट धरून हसलो. वरून तिरपा उजेड पडला की प्रत्येक खळग्यात सावली पडते. समोरून पडला की सावलीच नाही. मला वाटलं, चला, जाहिरातीची हातचलाखी हिला कळली, माझं काम झालं. पण ती हसता हसता थांबली.

"पण मग खरी मांडी कुठली?"

मी बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने पाण्याचा ग्लास उचलावा आणि तोंड बंद ठेवावं.

"दोन्ही खऱ्या," ती स्वतःशीच म्हणाली. "आणि मी गेली दोन वर्षं फक्त बल्बखालचीच बघत आलेय."

मी तिला फक्त फोटो कसे काढतात ते दाखवणार होते. तिने त्यातून आपण स्वतःकडे कसं बघतो ते शोधून काढलं. बाईच्या हातात माहितीपेक्षा एखादा छोटा प्रयोग द्यावा, हे माझं मत त्या दिवशी आणखी पक्कं झालं.

मग मी दुसरा प्रश्न काढला. "ट्रीटमेंट झाली असं धरून चालू. त्यानंतर काय काय करणार?"

यादी तयारच होती. भाच्याच्या लग्नात स्लीव्हलेस ब्लाउज. आणि लेकीबरोबर पोहायला जायचं. लेक दोन वर्षांपासून मागे लागली होती, पालिकेच्या तलावावर लेडीज बॅचही होती.

"किती फरक पडला म्हणजे तलावावर जाल?"

"पूर्ण गेलं की."

"पूर्ण जात नाही."

"अर्धं तरी."

"अर्धं म्हणजे कसं ओळखणार? कुठल्या दिव्याखाली?"

ती बराच वेळ पत्रकाची घडी उलगडत-मिटत बसली. "म्हणजे सहा सिटिंग घेऊनसुद्धा मी जाणार नाहीच. मग सातवं मागेन."

मी विवेकनिष्ठ समुपदेशनाच्या पठडीतली. माणसाला छळणारी गोष्ट समोरच्या परिस्थितीपेक्षा त्याने तिला घातलेल्या अटीत जास्त सापडते, असं मी मानते. मांडी नितळ असावी असं वाटण्यात काही वावगं नाही, मलाही वाटतं. पण 'ती नितळ झाल्याशिवाय मी पाण्यात उतरणार नाही' ही अट आली की ८४ हजारही कमी पडतात, कारण अट पुरी झाली हे ठरवणारी बाई तीच बल्बखाली उभी असलेली. म्हणून मी सुईच्या विरोधात कधी बोलत नाही. मी एवढंच म्हणते: आधी पाण्यात उतरा, मग सुईचं ठरवा. उलट क्रमाने गेलं की बाकीचं आयुष्य सिटिंगच्या तारखांवर चालायला लागतं.

ज्यांना हे वाचूनही करून घ्यायचं आहे, त्यांनी खुशाल घ्यावं, पण सूट संपतेय म्हणून त्याच दिवशी पैसे भरू नयेत. सुया कोण मारणार, त्वचारोगतज्ज्ञ की मशीन चालवायला शिकवलेली मुलगी, हे तोंडावर विचारावं. 'माझ्यासारख्या त्वचेवर, माझ्या याच जागी, किती फरक अपेक्षित आहे' असं विचारावं आणि 'छान फरक पडेल' या उत्तरावर समाधान मानू नये. आपल्या सावळ्या त्वचेवर नंतर काळे डाग राहू शकतात. जखमेचा व्रण उंच वाढायची सवय असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, मधुमेह असेल किंवा दिवस गेलेले असतील तर ते आधीच सांगावं. रेडिओफ्रिक्वेन्सीच्या सुयांबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सावधगिरीची सूचनाच काढली: भाजणं, व्रण, त्वचेखालची चरबी झिजून रूप बिघडणं, मज्जातंतूंना इजा, अशा तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. पार्लरमध्ये फेशियलसोबत करून घ्यायची ही गोष्ट नव्हे.

आणि काही जणींनी डॉक्टरांच्या आधी आमच्यासारख्यांकडे यावं. आरशासमोर रोज तासच्या तास जात असतील, त्या एका जागेपायी घराबाहेर पडणं थांबलं असेल, एक ट्रीटमेंट संपली की लगेच दुसरी शोधली जात असेल, इतरांना न दिसणारं व्यंग तुम्हाला धडधडीत दिसत असेल, तर ते दुखणं कातडीचं नाही आणि सुईने ते वाढूही शकतं. मानसोपचारतज्ज्ञ यावर चांगले उपचार करतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मेधाने पॅकेज घेतलं नाही. स्लीव्हलेसही घातलं नाही. म्हणाली, मला आवडतच नाही मुळात, बहिणीने शिवलं म्हणून घालणार होते. उन्हाळ्यात गुडघ्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख घेऊन ती लेकीबरोबर लेडीज बॅचला जायला लागली. पहिले काही दिवस टॉवेल अगदी पाण्याच्या काठापर्यंत गुंडाळलेला असायचा, असं तिनेच सांगितलं.

वर्षभराने तिचा फोन आला. पोटाच्या घडीत घाम साचून दर उन्हाळ्यात चट्टे यायचे, म्हणून ती प्लॅस्टिक सर्जनकडे जाऊन आली होती. वजन बरेच महिने स्थिर आहे ना, आणखी मूल नको ना, असं त्यांनी विचारलं. कमरेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत व्रण राहील, हेही स्पष्ट सांगितलं. मी सावधपणे विचारलं, "मग तुम्ही त्यांना काय विचारलंत?"

"पोहणं किती आठवडे बंद, ते."