आखाजीनंतर नको, आत्ताच अर्ज करा

अमळनेरहून एका ताईंनी लिहिलं आहे. परस्पर संमतीने घटस्फोट होऊन दीड वर्ष झालं. चार वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे असतो. बंगळूरला नोकरी लागली आहे, जूनच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचंय. मुलाच्या वडिलांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘घेऊन जा, माझी हरकत नाही’ असं कळवलंय. ‘आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि सखाराम महाराजांची यात्रा झाली की निघू म्हणते, काही अडचण येईल का?’ असं त्या विचारतात. अशी पत्रं खान्देशातून सारखी येतात. कुणाला पुण्याला जायचं असतं, कुणाला सुरतला.

ताई, ताबा तुमच्याकडे आहे. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असावं असं १९५६ चा कायदाही म्हणतो. त्यावर वेळ घालवत नाही. तुमच्या पत्रातलं खरं महत्त्वाचं वाक्य ता. क. मध्ये आहे : ‘समजुतीच्या कागदात जिल्ह्याबाहेर न नेण्याबद्दल काहीतरी होतं, वकीलसाहेबांनी दाखवलं तिथे सह्या केल्या.’

त्या ‘काहीतरी’वरच सगळं ठरणार आहे. पोराच्या आयुष्याचा कागद, आणि तो घरी नेऊन एकदा शांतपणे वाचावा असं वाटू नये? रागावून बोलतोय, कारण तीन पानांच्या पुरसीसपायी, म्हणजे सह्या करून कोर्टात दिलेल्या अशाच समजुतीच्या कागदापायी, वर्ष-वर्ष तारखा खाणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. नंदुरबारच्या एका बाईंनी ‘महाराष्ट्राबाहेर नेणार नाही’ असं लिहून दिलं होतं. गाडीने तीन-चार तासांवरचं सुरत त्यांना बंद झालं, आणि राज्याच्या दुसऱ्या टोकाचं गडचिरोली मात्र मोकळं राहिलं. अटीतला एक शब्द इतका फरक करतो. म्हणून उद्याच कोर्टात नकलेचा अर्ज द्या आणि हुकूमनाम्याची, पुरसीससकट, सही-शिक्क्याची नक्कल काढा. मोबाइलमधला फोटो चालणार नाही.

तुम्ही सांगता तशीच अट असेल, तर वडिलांचा ‘हो’ पुरणार नाही. ती हमी तुम्ही त्यांना दिलेली नाही, कोर्टाला दिली आहे, आणि त्यातून कोर्टच मोकळं करू शकतं. कोर्टाला दिलेली हमी जाणूनबुजून मोडणं हा १९७१ च्या कायद्याने अवमान आहे, सहा महिन्यांपर्यंत साधी कैद होऊ शकते. तुम्हाला कैद होईल असं मी म्हणत नाही, बहुतेक वेळा गोष्ट तिथवर जात नाही. पण आज ‘हरकत नाही’ म्हणणारा माणूस उद्या पोटगीवरून बिनसलं की तोच कागद घेऊन उभा राहतो, आणि ‘ही बाई कोर्टाचं ऐकत नाही’ हा शिक्का ताब्याच्या कामात फार महाग पडतो. मग तुम्ही बंगळूरहून भुसावळपर्यंत कर्नाटक एक्स्प्रेसने दिवसभराचा प्रवास करत, मांडीवर पोर घेऊन, तारखांना येत राहणार.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली, घटस्फोट झाल्यावरही मुलाबद्दलची अट बदलून मागता येते. वडील खरोखर राजी असतील तर दोघांच्या सहीची नवी पुरसीस द्या, काम लवकर उरकण्याची आशा आहे. राजी नसतील तर नोटीस निघणार, बेलिफ ‘पत्त्यावर मिळून आले नाहीत’ असा शेरा मारून परत येणार, पुन्हा नोटीस. त्याच कलमातली साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याची मुदत लोक मला दाखवतात. ती मुलाच्या खर्च-शिक्षणाच्या, आणि तेही मूळ दावा चालू असतानाच्या अर्जांना आहे, तुमच्या अर्जाला नाही.

म्हणून आखाजीची वाट पाहू नका. मे महिन्यात दिवाणी कोर्टांना सुट्टी लागते. सुट्टीत फक्त तातडीची कामं चालतात, आणि तुमचं काम कुणाला तातडीचं वाटेल याची मी खात्री देणार नाही. अर्ज सुट्टीआधी दाखल झाला पाहिजे, त्यातच तात्पुरत्या परवानगीची विनंती हवी. तो मेसेज पुसू नका आणि फोनही बदलू नका, तो पुराव्यात देताना रीतसर प्रमाणपत्र लागतं.

समोरून हमखास एक प्रश्न येईल : इथे आजी, आजोबा, मामा आहेत, तिथे तुम्ही कामावर गेल्यावर पोराजवळ कोण? ‘बघू, होईल काहीतरी’ हे उत्तर देऊ नका. तुमच्या आई पहिले तीन-चार महिने सोबत येणार असतील तर त्यांचं प्रतिज्ञापत्र जोडा. पाळणाघर, घराचा पत्ता, नेमणूकपत्र, कामाच्या वेळा, सगळं जोडा. आणि वडिलांच्या एक आड रविवारच्या भेटी बुडतात, त्याच्या बदल्यात काय देता ते मागितल्याशिवाय लिहा : दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतले अर्धे दिवस वडिलांकडे, ठरलेल्या दिवशी व्हिडिओ कॉल. आईवडील लांब लांब राहत असतील तर व्हिडिओ कॉल हा संपर्काचा चांगला मार्ग, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये यशिता साहू यांच्या प्रकरणात म्हटलं आहे. पोटगी वाढवण्याचा विषय या अर्जात घालू नका.

‘तिकडे जाऊन सहा महिने राहा, मग तिथल्याच कोर्टात बघू’ असं कुणी सांगितलं असेल तर ऐकू नका. हुकूमनामा इथला आहे आणि अटीही इथल्याच.

कंपनीला आजच लेखी विचारा, हजर होण्याची तारीख पंधरा दिवस पुढे मिळते का. नाहीच मिळाली आणि परवानगीही आली नाही, तर तुम्ही एकट्या पुढे जा, मुलगा आजीकडे अमळनेरलाच राहू द्या. त्याने अट मोडत नाही. पण तेव्हा तुमचा अर्ज कोर्टात आधीच दाखल असला पाहिजे, नाहीतर ‘आई पोराला टाकून गेली’ म्हणत वडीलच ताब्याचा अर्ज घेऊन येतील.