रेशो टेस्टचं लिमिट १ आलं की पुढे काय?

प्रश्न: सर, मी एफवाय बीएस्सीला आहे, सेकंड सेम. इंटिग्रेशन कसंबसं जमतं पण सिरीज, म्हणजे न संपणाऱ्या बेरजा, आल्या की सगळं डोक्यावरून जातं. दिसेल त्या सिरीजला मी रेशो टेस्ट (पुढचं पद भागिले आधीचं पद, त्याचं लिमिट १ पेक्षा कमी की जास्त ते बघणं) लावते आणि बऱ्याचदा लिमिट १ येतं, मग अडते. १/एन ची पदं शून्याकडे जातात तरी बेरीज अनंत, आणि १/एन² ची मात्र नाही, हे नुसतं पाठच करायचं का? घरी पेट्या भरायची धांदल चालू आहे, क्लास लावणं शक्य नाही. (देवगड तालुक्यातून एक वाचक)

उत्तर: पाठ नको गं करूस, कागद घे. १/एन ची पदं गठ्ठ्यागठ्ठ्याने मिळव. १/३ आणि १/४, दोन्ही निदान १/४ तरी आहेत ना, म्हणजे बेरीज अर्ध्याच्या वर गेली. पुढची चार पदं, १/५ ते १/८, कुठलंच १/८ पेक्षा लहान नाही, परत अर्ध्याच्या वर. मग पुढची आठ, मग सोळा, दर गठ्ठ्यामागे अर्धा मिळतोच आणि गठ्ठे काही संपत नाहीत, मग बेरीज थांबेल कुठे? चौदाव्या शतकात ओरेम या फ्रेंच विद्वानाने हे असंच दाखवलं होतं, नोट्समध्ये तेच दोन ओळींत कोंबतात म्हणून पोरांना जादू वाटते. पण चाल इतकी संथ की पहिली १००० पदं मिळवून साडेसातसुद्धा भरत नाहीत, १० ओलांडायला १२,३६७ पदं लागतात, त्यामुळे कॅल्क्युलेटरवर बघशील तर हमखास फसशील.

आता १/एन² चे गठ्ठे कर. १/४ आणि १/९ मिळून अर्ध्याच्या आत, पुढची चार मिळून पावाच्या आत, पुढची आठ १/८ च्या आत, म्हणजे पहिलं १ धरूनही सगळं मिळून २ च्या पुढे जाऊच शकत नाही. (ऑयलरने नेमकी बेरीज काढली, पाय स्क्वेअर भागिले ६, साधारण १.६४५.)

आणि गंमत बघ, या दोन्हींना रेशो टेस्ट लावली तर लिमिट १ च येतं. म्हणजे १ आलं की टेस्टने हात वर केले, तिथे डोकं आपटत बसू नकोस. फॅक्टोरियल किंवा २ चा एनवा घात दिसला तरच ती काढायची. वर-खाली नुसते एनचे घात असले तर एन खूप मोठा झाल्यावर काय उरतं ते बघ: (३एन+५)/(एन³+७) म्हणजे जवळपास ३/एन², लिमिट कम्पॅरिझन (दोघींच्या पदांचा भागाकार शून्य नसलेल्या ठराविक आकड्याकडे गेला तर दोघींचं उत्तर एकच) लाव, कन्व्हर्ज, म्हणजे बेरीज ठराविक आकड्याकडे जाते. वर एन+५ आणि खाली एन²+७ असलं तर १/एन सारखी, डायव्हर्ज, म्हणजे तशी जात नाही. प्रॅक्टिसला बसलीस की आधी पाचपंचवीस गणितांसमोर फक्त टेस्टचं नाव पेन्सिलने लिहीत जा, सोडव नंतर.

इंटिग्रेशन जमतंय ते सोडू नकोस, इथे लागतं. एन = २ पासूनची १/(एन लॉग एन) ही सिरीज एन = ३ पासून पुढे १/एन पेक्षा लहान, १/एन² पेक्षा मोठी, दोघींशी ताडून काहीच कळत नाही. तिथे इंटिग्रल टेस्ट (बेरजेऐवजी त्याच फंक्शनचं अनंतापर्यंतचं इंटिग्रल काढून बघायचं), लॉग एक्स = यू ठेव, उत्तर लॉग ऑफ लॉग येतं आणि ते वाढतच जातं, म्हणजे डायव्हर्ज.