पिवळा पाऊस नक्की कशाचा होता?

प्रश्न: ताई नमस्कार, मी वाईचा. गणपतीत सगळे घरी जमलेले तेव्हा मोठा वाद झाला. पुतण्या म्हणतो रशियाच्या जिवावर लाओसमधे विमानातून पिवळं विष टाकलं आणि हजारो माणसं मारली. आमचे दादा म्हणतात छे, ती मधमाश्यांची शी होती, अमेरिका तोंडघशी पडली. दोघंही छातीठोक सांगतात. खरं काय ते सांगा ना.

उत्तर: पानांवर सापडलेल्या पिवळ्या डागांपुरते तुमचे दादा बरोबर आहेत. पण "तोंडघशी पडली" एवढ्यावर विषय संपवला की मला त्रास होतो, कारण त्यात ज्यांच्यावर बेतलं ती माणसं कुठेच नसतात. हे ह्मोंग लोक, लाओसच्या डोंगरातले. व्हिएतनाम युद्धात सीआयएने त्यांचीच फौज उभी केली, जनरल वांग पाओच्या हाताखाली, आणि १९७५ मधे अमेरिका निघून गेली तेव्हा हे मागे राहिले, मग नवं सरकार आणि व्हिएतनामी सैन्य त्यांच्या मागे लागलं. मेकाँग नदी पार करून थायलंडच्या छावण्यांत जे पोचले ते सांगायचे, विमान आलं, पिवळे थेंब पडले, मग उलट्या, रक्त, गुरं मेली.

सप्टेंबर १९८१ मधे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी बर्लिनमधल्या भाषणात थेट आरोप केला की हे बुरशीपासून काढलेलं विष आहे आणि त्यामागे सोव्हिएत युनियन आहे. १९७२ च्या जैविक अस्त्रबंदी करारात अशी विषंही येतात, म्हणजे आरोप साधा नव्हता. आणि त्या दिवशी हातात पुरावा काय, तर कंबोडियातून आलेलं एक पान आणि काडी!

मग हार्वर्डचे मॅथ्यू मेसेल्सन आणि इतर शास्त्रज्ञांनी ते पिवळे डाग मायक्रोस्कोपखाली बघितले तर परागकणच परागकण. अमेरिकन अधिकारी म्हणाले शत्रूने मुद्दाम मिसळलेत, विष श्वासातून आत जावं म्हणून. पण कण आतून रिकामे होते, नुसतं टरफल उरलेलं, प्रोटीन पचून गेलेलं. परागकण खाऊन पचवतं कोण, तर मधमाशी. ते परागही तिथल्याच झाडांचे निघाले.

वाईकरांना हे लांबचं वाटायला नको, कारण ती माशी आपल्या आग्या मोहोळाचीच. आमच्या बिल्डिंगच्या टाकीखाली दरवर्षी मोहोळ लागतं आणि मी एकदा पांढरी चादर गच्चीत वाळत घातली तर तासाभरात तिच्यावर मोहरीएवढे पिवळे थेंब, ओले असताना चिकट, वाळल्यावर नखाने खरवडले की पूड होते, डाग मात्र दोन धुण्यांत पण गेला नाही. वर बघितलं तर एक माशी दिसेल तर शपथ. थवाच्या थवा उंचावर जाऊन एकदम मोकळा होतो, खाली उभ्या माणसाला काही कळत नाही. मेसेल्सन आणि मधमाश्यांचे अभ्यासक थॉमस सीली १९८४ मधे थायलंडला गेले तेव्हा स्वतःच अशा सरीत सापडले. आपल्याकडे २००२ मधे पश्चिम बंगालच्या संग्रामपूरमधे असाच रंगीत पाऊस पडला, लोक घाबरले की कोणी विष टाकलंय, निघाले आंबा-नारळाचे परागकण, मधमाश्यांच्या पोटातून आलेले.

ब्रिटनच्या पोर्टन डाउन या संरक्षण खात्याच्या लॅबला नमुन्यांत विष सापडलं नाही. बँकॉकमधे बसलेल्या अमेरिकेच्याच टीमला आरोप पक्का करता आला नाही. तरी अमेरिकेने तो रीतसर मागे घेतलेला नाही.

प्रश्न: मग ते लोक खोटं बोलत होते का? मी नर्स आहे, पेशंट उगाच रक्ताच्या उलट्या सांगत नाही. (कोल्हापूर)

उत्तर: नाही हो, अजिबात नाही. बॉम्ब पडत होते, गोळीबार होत होता, जंगलात महिनोन्महिने उपाशी, घाण पाणी पिऊन माणसं पळत होती, त्यातच लेकरं गेली. मरण खरं आहे, फक्त पानावरचा पिवळा थेंब त्याचं कारण होता हे सिद्ध झालं नाही. तुम्ही पेशंटला विचारता ना, कधीपासून, काय खाल्लं, घरात अजून कोणाला? इथे दुभाष्यामार्फत, पुष्कळदा कित्येक महिन्यांनी, आणि विषाबद्दलच विचारलं गेलं.

दुसरी बाजू पण सांगते. १९७९ मधे रशियातल्या स्वेर्दलोव्स्क शहरात अँथ्रॅक्स या जिवाणूच्या रोगाने साठाहून जास्त माणसं मेली, सरकार म्हणालं खराब मांस खाल्लं, आणि याच मेसेल्सन यांना तेव्हा ते पटण्यासारखं वाटलं होतं. १९९२ मधे त्यांची टीम तिथे गेली, घरोघर विचारून कोण माणूस त्या दिवशी कुठे होता ते नकाशावर मांडलं, तर बहुतेक सगळे लष्करी केंद्रापासून वाऱ्याच्या दिशेने एका अरुंद पट्ट्यात. म्हणजे जंतू त्या केंद्रातूनच हवेत सुटले होते, मांसाची गोष्ट तिथेच संपली. लाओसमधे असं घरोघर जायला कोणाला मिळालंच नाही, युनोच्या टीमलासुद्धा आत येऊ दिलं नाही, त्यांना थायलंडच्या छावण्यांतल्या लोकांशी बोलून परतावं लागलं.