सात सूचना आणि एक चेंडू

प्रश्न : माझा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा कारखाना आहे. वय ४७. पुण्याच्या मेहुण्याने गोल्फ दाखवला आणि नाद लागला. आता कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत जाळी बांधून घेतलीय, मॅट टाकलीय, सकाळी ऊन चढायच्या आत सात नंबरचं आयर्न हा क्लब, म्हणजे गोल्फची काठी, घेऊन उभा राहतो. मोबाइलवर बघून आणि मेहुण्याला विचारून जे जे कळलं ते बिलबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय : डावा हात सरळ, उजवं कोपर बरगडीजवळ, डोकं खाली, नजर चेंडूवर, खाली येताना कंबर आधी, वजन डाव्या पायावर, मनगट उशिरा सोडायचं. हे सगळं आठवत मारायला गेलं की चेंडू घरंगळत जाळीपर्यंत जातो, नाहीतर क्लब चेंडूआधीच मॅटवर आपटतो. परवा मात्र एका कामगाराने यार्नच्या गाडीचं विचारायला हाक मारली. त्याला उत्तर देता देता सहज क्लब फिरवला, तर चेंडू असा बसला की जाळीचा खांब हलला. यादीतलं नेमकं काय धरू आणि काय सोडू?
– एक टॉवेलवाले वाचक, सोलापूर

उत्तर : मालक, आधी त्या कामगाराला चहा पाजा. त्याने तुमचं डोकं यार्नच्या गाडीत अडकवलं आणि हातांना मोकळं सोडलं. मेहुण्याला एवढ्या दिवसांत ते जमलं नव्हतं.

थोडा हिशेब मांडू. क्लब मागे न्यायला पाऊण सेकंद, फार तर थोडा जास्त वेळ लागतो. वरून चेंडूपर्यंत यायला साधारण पाव सेकंद. डोळ्यांनी काही पाहून हाताने त्यावर हालचाल करायची म्हटलं तरी माणसाचा जवळपास तेवढाच वेळ जातो. म्हणजे वरून खाली येताना तुम्हाला ‘कंबर आधी’ आठवेपर्यंत फटका मारून झालेला असतो. क्लब आणि चेंडू एकमेकांना चिकटलेले असतात ते तर जेमतेम अर्धा मिलिसेकंद. एवढ्यात सात सूचना कुठे बसवणार? आपल्याकडे लेझीम खेळणारी पोरं बघा. हलगी कडाडली की पाय पडतो, मनगट वळतं. त्यातल्या एखाद्याला मध्येच थांबवून ‘आता उजवं मनगट किती वळवलंस?’ असं विचारलं, तर पुढच्या दोन ठेक्यांत तो अख्खी रांग बिघडवेल.

यावर अभ्यासही झालाय. गॅब्रिएल वुल्फ या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये कधीच गोल्फ न खेळलेल्या विद्यार्थ्यांकडून छोटे पिच शॉट, म्हणजे चेंडू उंच उडवून थोड्या अंतरावर टाकायचे फटके, मारून घेतले. काहींना सांगितलं, हातांच्या हालचालीकडे लक्ष द्या. काहींना सांगितलं, क्लबच्या झोक्याकडे लक्ष द्या. क्लबकडे लक्ष देणाऱ्यांचे चेंडू लक्ष्याच्या जास्त जवळ पडले, आणि दुसऱ्या दिवशी काही न सांगता मारायला लावलं तेव्हाही तेच पुढे राहिले. तुमच्या यादीतल्या सात सूचना वाचा. डोकं, हात, कोपर, कंबर, मनगट. सगळी शरीराची मोजदाद. क्लबबद्दल एक अक्षर नाही.

तेव्हा यादीवर लाल पेन चालवू.

‘नजर चेंडूवर’ खोडा. चेंडूकडे न बघता मारणारा माणूस मी फौजेतल्या गोल्फ कोर्सवरही पाहिला नाही, आणि तिथे बरेच नमुने होते. ‘डोकं खाली’ हेही खोडा. चेंडू घरंगळला की शेजारचा माणूस हमखास म्हणतो, ‘डोकं उचललंस.’ बहुतेक वेळा तसं नसतं. नवशिक्या चेंडू हवेत उडवायला जातो, वजन उजव्या पायावर ठेवून क्लबने खालून उचलतो, आणि क्लबची कड चेंडूच्या वरच्या भागाला चाटून जाते. उडवायचं काम तुमचं नाहीच. सात नंबरच्या आयर्नचं तोंड, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, ३० अंशांच्या आसपास मागे झुकलेलं असतं, ते त्याच कामासाठी. आणि डोकं खाली दाबून धरलं की खांदे वळायचे थांबतात, ते वेगळंच.

‘मनगट उशिरा’ हे दोन वर्षं विसरा. टीव्हीवरच्या खेळाडूंचं मनगट उशिरा सुटतं ते बाकी सगळं जागेवर असल्यामुळे. तुम्ही मुद्दाम धरून ठेवलंत, तर क्लबचं तोंड उघडं, म्हणजे उजवीकडे वळलेलं, राहील आणि चेंडू उजवीकडे पळेल. ‘डावा हात सरळ’ म्हटलं की माणूस हाताची काठी करतो. खांदे नीट वळले तर हात पुरेसा सरळ राहतोच. ‘उजवं कोपर’ आणि ‘कंबर आधी’ यांना ढकला कोचकडे, पुण्याला गेल्यावर तासभर बुक करून विचारा. त्याला तुमचं शरीर दिसेल, मला फक्त पत्र दिसतंय.

राहिलं ‘वजन डाव्या पायावर’. हे कामाचं आहे, पण मारताना आठवायचं नाही. फटका झाल्यावर तपासायचं. क्लब खांद्यावर जाऊन थांबला, की तसेच उभे राहा : बेंबी जाळीकडे, उजवी टाच वर, सगळा भार डाव्यावर. तिथे लटपटलात तर वजन मागेच राहिलं असं समजा. लटपटला नाहीत तर पुढचा चेंडू ठेवा.

आता एकच विचार देतो, तोही क्लबचा : चेंडूच्या पुढची मॅट घासायची. बस. ही सवय लावायला तुमच्या कारखान्यात सगळं सामान आहे. शिवणकामाचा खडू घ्या, मॅटवर आडवी रेघ मारा आणि चेंडू न ठेवता नुसता क्लब फिरवा. क्लब रेघेच्या मागे घासतोय की पुढे, हे रेघ पुसल्यावर आणि आवाजावर कळतं. पुढे घासायला लागला की चेंडू रेघेवर ठेवा आणि चेंडूच्या मागे पाच-सहा इंचांवर घडी घालून एक टॉवेल टाका. तुमचा जाड बाथ टॉवेल नको, त्यात क्लब अडकेल. हात पुसायचा पातळ नॅपकीन पुरे. टॉवेल हलला, तर क्लब चेंडूआधी जमिनीला लागला. कुणाला काही विचारायची गरजच नाही. सोलापुरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहेच, गोल्फमध्येही त्याची सोय व्हावी.

टॉवेल कशासाठी, तर मॅट खोटं बोलते म्हणून. क्लब आधी आपटला तरी मॅटवरून घसरत चेंडूपर्यंत पोचतो, आणि फटका ठीक गेल्यासारखा वाटतो. गवतावर तोच फटका मातीत रुततो. पुण्याला गेल्यावर ‘सोलापुरात तर बरा बसत होता’ असं वाटण्याचं एक कारण हे. पण म्हणून मॅट काढून उघड्या जमिनीवर मारायला जाऊ नका. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी होते, क्लबपेक्षा मनगट आधी जाईल.

जाळीत चेंडू कुठे गेला हे दिसत नाही, ही तुमची दुसरी अडचण. त्यासाठी व्हाइटबोर्डचा मार्कर घ्या, चेंडूवर ठळक ठिपका काढा आणि ठिपका क्लबच्या बाजूला येईल असा चेंडू ठेवा. फटका मारला की क्लबच्या तोंडावर डाग उमटतो. डाग मधोमध आला तर छान. दांड्याकडच्या टोकाला आला तर बहुधा चेंडूच्या फार जवळ उभे आहात, बाहेरच्या टोकाला आला तर फार लांब. फडक्याने पुसा आणि पुन्हा मारा. डाग बघण्यात एवढे गुंताल की कोपराची आठवणच राहणार नाही.

एक भांडण आधीच मिटवून टाकतो. तुम्ही म्हणाल, ग्रिप, पाय, निशाणा हे तरी बघायला नको का? जरूर बघा, पण चेंडूपाशी जाण्याआधी. चेंडूच्या मागे दोन पावलांवर उभे राहा, जाळीवर एखादी गाठ हेरा, मूठ बसवा. जो काही विचार करायचा तो तिथेच. एकदा क्लब चेंडूमागे टेकला की विचार बंद, मनात फक्त घासायची मॅट. तिथे दहा-वीस सेकंद पुतळ्यासारखं थांबलात की यादी परत डोक्यात येते. म्हणून गाठीकडे एकदा बघा आणि मारा.

लय जमत नसेल तर तोंडाने मोजा : ‘एक, दोन, तीन’ म्हणताना क्लब मागे, ‘चार’ला चेंडू. चांगल्या खेळाडूंचं मागे न्यायचं आणि खाली आणायचं प्रमाण साधारण तीनास एक असंच असतं. मोठ्याने मोजा, कामगार हसले तर हसू देत. मात्र एका सकाळी मोजणं किंवा मॅट, दोन्ही नाही. आणि महिनाभर ड्रायव्हरला, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबला, हात लावू नका. त्याचा दांडा लांब, तोंड जवळजवळ उभं, सगळ्या चुका मोठ्या करून दाखवतो.

बिलबुकाचं ते पान फाडायचं की ठेवायचं, ते तुम्ही ठरवा. जाळीपाशी मात्र आणू नका.

प्रश्न : मी आणि मिस्टर दोघंही सुट्टीच्या दिवशी गोल्फ शिकतो. मी चेंडूपाशी उभी राहिले की मागून सुरू होतं, ‘गुडघे वाक, खांदा सोड, घाई नको.’ माझा फटका बिघडतोच, वर त्यावरूनही ऐकावं लागतं. काय करू?
– एक वाचक, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : ताई, वरच्या टॉवेलवाल्यांच्या डोक्यात जे सात जण बोलतात, ते तुमच्याकडे एकट्या मिस्टरांमध्ये आहेत. घरात असा नियम करा : चेंडू थांबेपर्यंत कुणीही बोलायचं नाही. थांबल्यावरही त्यांनी एवढंच विचारायचं, ‘क्लब कुठे घासला?’ तुम्ही सांगायचं. त्यापुढे सल्ला हवा असेल तर तुम्ही मागाल.

आणि त्यांना खेळाचे नियम वाचायला द्या. स्पर्धेत तुम्ही दोघं एकमेकांविरुद्ध स्ट्रोक प्ले, म्हणजे एकूण फटके मोजायचा प्रकार, खेळत असाल, तर असा सल्ला देणाऱ्याला दोन फटक्यांचा दंड आहे. पुढच्या रविवारी खिशात छोटी वही ठेवा आणि प्रत्येक ‘गुडघे वाक’ला त्यांच्या नावावर दोन लिहीत जा. नऊ होलपर्यंत तुम्हीच पुढे असाल.