डायलिसिस अजून लागलं नाही, तरी फिस्टुला आत्ताच करावा का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचं क्रिएटिनिन (किडनी किती बिघडली ते सांगणारी रक्ततपासणी) सहाच्या पुढे गेलंय, डॉक्टर फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हाताच्या शिरेचं ऑपरेशन, करून घ्या म्हणतात आणि वडील म्हणतात, "डायलिसिस लागेल तेव्हा बघू." करून घ्या. लांबवू नका.

आमचे बाबाही हेच म्हणत होते. आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. हात कापला की डायलिसिस मागे लागणारच, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं आणि आम्हीही 'चवथ (गणेश चतुर्थी) होऊ दे' म्हणत दिवस काढले. चवथीनंतर एका रात्री त्यांना आडवं होता येईना. फुप्फुसात पाणी भरलं होतं. फिस्टुला नव्हता, म्हणून मानेत नळी घालून डायलिसिस केलं. ती नळी मोठ्या शिरेतून थेट हृदयाजवळ जाते, जंतूंना आयता रस्ताच. तिसऱ्या आठवड्यात मशीनवर असतानाच बाबांना हुडहुडी भरली, रक्तात संसर्ग झाला होता. ते दिवस टाळता आले असते, हे मला अजून सलतं.

फिस्टुला म्हणजे हाताची धमनी आणि शीर एकमेकांना जोडणं. तेवढा हात बधिर करून होतं. मशीन मिनिटाला साधारण 300 मिलीलिटर रक्त ओढतं, म्हणजे चार तासांत 70 लिटरच्या आसपास. अंगातलं पाचेक लिटर रक्तच पुन्हापुन्हा फिरत राहतं. साध्या शिरेला हे झेपत नाही. धमनीच्या दाबाने ती फुगते, जाड होते, तेव्हा कुठे सुया घेण्याजोगी होते. याला सहा आठवड्यांपासून तीन महिने जातात, आणि काहींचा पहिला फिस्टुला चालतच नाही. डायलिसिस कधी लागणार ते किडन्या ठरवतात, फिस्टुला नव्हे, एवढं वडिलांना नीट सांगा.

तोवर ज्या हाताने ते जेवत नाहीत तो हात फिस्टुलासाठी राखा. त्यातून रक्त काढू देऊ नका, सलाईन लावू देऊ नका. हेपेटायटिस बी ची लस राहिली असेल तर आत्ताच विचारा. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं) कार्ड चालू आहे का बघा.

आणि परसात करमलाचं (स्टारफ्रूटचं) झाड असेल तर करमलं, त्याचं लोणचंसुद्धा, वडिलांच्या पानात नको. निकामी किडनीला त्यातलं विष बाहेर टाकता येत नाही. न थांबणाऱ्या उचक्या, भ्रम, झटके, जिवावरही बेततं. आमच्याकडे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

फिस्टुला झाल्यावर त्या हाताला बीपीचा पट्टा नको, जड पिशवी नको, त्या कुशीवर झोपणं नको. बाबा रोज उठल्याबरोबर त्यावर बोटं ठेवतात, आत मधमाशी गुणगुणावी तशी थरथर लागते. ती लागली नाही तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, त्याच वेळी इस्पितळ गाठा.